धुक्यात हरवलेल्या सासूबाई

"वजनमापे खात्यात मी उभी हयात घालवली. किलोचं माप आतून पोखरलेलं आहे की नाही, ते मी नुसतं टिचकी मारून सांगायचो. माणसाचंही तसंच असतं. समोरून चालत आला की मला कळतं, भरीव आहे की पोकळ. बाकीचे गुप्तहेर पाऊलखुणा मोजतात. मी त्या तोलतो. म्हणून तर लोक मला काय म्हणतात, ठाऊक आहे?"

सूप वाढणाऱ्या बाईंना ठाऊक नव्हतं. त्यांचा डाव हवेतच थांबला होता आणि मागची रांग गारठून पाय आपटत होती.

"रहस्यांचा काटा!" भाऊजी म्हणाले आणि पेला पुढे केला.

शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या मेहुण्याने मफलर नाकापर्यंत ओढून घेतला. थंडी होतीच, पण त्याला मुख्यतः तोंड लपवायचं होतं. भाऊजींना हे नाव लोकांनी दिलेलं नव्हतं. ते त्यांनी स्वतःला दिलं होतं, निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी, चहा पिताना. तेव्हापासून त्यांनी तीन मोठी प्रकरणं हाताळली होती. त्यातलं एक म्हणजे गच्चीवरून येणारा गूढ आवाज. टाकी भरून वाहत होती, हे पाणी सोडणाऱ्याने सांगितलं तेव्हा भाऊजी दबा धरून बसल्या जागी भिजले होते. या सगळ्या प्रकरणांत मेहुणा त्यांचा सहायक होता. तो कवळ्या बनवायचा. दिवसभर दुसऱ्यांची तोंडं सांभाळायची आणि सुटीच्या दिवशी भाऊजींचं, हे त्याच्या नशिबीच लिहिलेलं होतं.

आज हिवाळी सुटीतली सहकुटुंब, सहमित्र, सहश्वान धाव होती. तसा फलकच लावला होता. तळ्याला एक वळसा घालायचा, कुणी पहिलं आलं काय आणि शेवटचं आलं काय, सगळ्यांना सारखंच पदक. तळ्यावर धुकं असं बसलं होतं की पलीकडचा काठ गेला कुठे, असं वाटावं. मैदानभर स्वेटर घातलेली माणसं आणि स्वेटर घातलेली कुत्री एकमेकांच्या पायांत येत होती. तोंडातून वाफ सगळ्यांच्याच निघत होती, त्यामुळे लांबून कोण भुंकतंय आणि कोण बोलतंय ते कळत नव्हतं.

मेहुण्याच्या आईने यंदा पहिल्यांदा छातीवर धावपटूचा क्रमांक लावला होता. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन उन्हाळ्यात झालं. त्यानंतर ती घरातल्या बोळकांडीत भिंतीला हात लावून येरझारा घालायची. मग हात सुटला, मग जिना जमला, आणि एक दिवस ती म्हणाली, "यंदा मी धावणार." ताई, म्हणजे भाऊजींची बायको, म्हणाली, काहीतरीच काय! मेहुणा मात्र म्हणाला, "धाव की. मी आहे ना बरोबर." म्हणजे जबाबदारी त्याची होती.

आणि त्यानेच घोळ केला. भोंगा वाजला तेव्हा आई ढब्बूला घेऊन जवळच कुठेतरी होती. ढब्बू हा घरचा कुत्रा, नावाला साजेसा. गर्दीचा लोंढा सुटला, मागून रेटा आला. मेहुण्याला वाटलं, आई पुढे ताईबरोबर गेली. ताईला वाटलं, आई मागे भावाबरोबर आहे. दोघांनी तळ्याला वळसा घातला, दोघं धापा टाकत शेवटच्या रेषेवर आले आणि दोघांनी एकदमच विचारलं, "आई कुठेय?"

फोन लावावा तर आईचा फोन मेहुण्याच्याच खिशात. धावताना खुळखुळतो म्हणून तिनेच दिलेला.

भाऊजी धावले नव्हते. पळणं हे गुन्हेगाराचं लक्षण आहे, असं त्यांचं मत होतं. ते सूपच्या तंबूशी उभे होते. बातमी ऐकताच त्यांनी पेला खाली ठेवला, खिशातून आपला जुना स्प्रिंगचा काटा काढला आणि डोळे बारीक केले.

"अपहरण," ते म्हणाले.

"अहो, काय अभद्र बोलता!" ताई म्हणाली. "कुठे बसली असेल दमून. मी इकडे बघते, तुम्ही दोघं तिकडे बघा." आणि ती धुक्यात गेलीसुद्धा.

"भावनाप्रधान," भाऊजी तिच्या पाठीकडे बघून म्हणाले. "चला मेहुणे, आपण शास्त्राने जाऊ."

शास्त्राला लगेच खाद्य मिळालं. नाक्यावरचा केस कापणारा हातात रिकामा पट्टा घेऊन आला. "आमचा काळ्या दिसला का कुठे? बायकोजवळ दिला होता. आता काळ्या नाही."

"आणि बायको?"

"ती पण नाही."

भाऊजींनी मेहुण्याकडे अर्थपूर्ण नजर टाकली. "तक्रार कुणाची घेऊ?"

"आधी काळ्याची घ्या," केस कापणारा विचार करून म्हणाला. "बायकोला घरचा रस्ता माहीत आहे."

तेवढ्यात आणखी एक उंच गृहस्थ आले. त्यांचीही पामेरियन आणि पत्नी दिसत नव्हती. पाठोपाठ एक तरुण आला, त्याची बहीण आणि दोन ठिपकेवाली कुत्री. भाऊजींच्या चेहऱ्यावर सूर्य उगवला. आकाशात तो अजून धुक्याआडच होता.

"टोळी आहे," ते कुजबुजले. "कुत्री चोरणारी. बायका साक्षीदार ठरल्या म्हणून त्यांनाही उचललं."

"भाऊजी, भर मैदानातून चार बायका आणि पाच कुत्री उचलली आणि एकही भुंकलं नाही?"

"हाच तर पुरावा. भुंकलं नाही, म्हणजे ओळखीचा माणूस. ओळखीचा, पण ओळखू न येणारा." ते थबकले. त्यांचं बोट हळूहळू वर झालं. "तो बघा!"

समोरच्या धुक्यातून एक भलंमोठं तपकिरी अस्वल दोन पायांवर येत होतं. त्याच्या खांद्यावर एक फुगलेलं पोतं होतं.

मेहुण्याने अस्वल सकाळीच पाहिलं होतं. लहान मुलं त्याच्याशी हात मिळवत होती. पण त्याने भाऊजींची बाही धरेपर्यंत भाऊजी पुढे झाले होते.

"थांब! पोतं खाली ठेव!"

अस्वलाने पोतं खाली ठेवलं. बहुधा त्याला ते जड झालं होतं.

भाऊजींनी काट्याचा आकडा पोत्याला अडकवला आणि उचलायचा प्रयत्न केला. स्प्रिंग कण्हली. "वजन साधारण एक सासू आणि एक कुत्रं," त्यांनी निष्कर्ष काढला. "आत कोण आहे?"

"पोत्यात की माझ्यात?" अस्वलाने विचारलं.

"आवाज आतून येतोय, मेहुणे. म्हणजे आत माणूस आहे!"

"आहे ना. मी या धावेचा अध्यक्ष आहे," अस्वल म्हणालं. "पोत्यात पदकं आहेत. आणि कृपा करून पाठीमागची चेन जरा खाली ओढता का? मघापासून अडकलीय. बाहेर सगळे कुडकुडताहेत आणि मी आत उकडून निघालोय."

चेन निघाली नाही. पोत्यात पदकंच होती. मेहुण्याने त्याला आई हरवल्याचं सांगितलं. अस्वल पोतं उचलून निघून गेलं, पण जाताना म्हणालं, "आजी सापडेपर्यंत शेवटची रेषा आवरू नका, असं सांगतो मी सगळ्यांना." ते ऐकून मेहुण्याला बरं वाटलं. आतापर्यंतचं ते एकमेव कामाचं वाक्य होतं.

भाऊजी खचले नाहीत. त्यांना जमिनीवर बिस्किटाचे तुकडे सापडले. "आमिष!" म्हणत ते ओणवे होऊन तुकड्यांच्या मागे निघाले. तुकडे तंबूला वळसा घालून, बाकाखालून, एका झाडाला फेरी मारून एका ढकलगाडीपाशी संपले. गाडीत एक गुबगुबीत बाळ होतं. त्याने भाऊजींकडे बघितलं आणि उरलेलं बिस्कीट त्यांच्या हातावर ठेवलं.

"लाच," भाऊजी म्हणाले. पण खाल्लं.

मेहुणा एव्हाना त्यांचं ऐकत नव्हता. त्याचं लक्ष तळ्याच्या काठाकडे होतं. तिथे दगडांवर दव गोठून काच झालं होतं. आईचा नवा गुडघा आणि तो काठ, एवढंच त्याला दिसत होतं. तो वळला आणि पुन्हा तळ्याला वळसा घालायला धावत सुटला. "आई! ढब्बू!" अशा हाका मारत त्याने प्रत्येक झुडूप बघितलं, प्रत्येक बाक बघितलं. धुक्यातून बदकं ओरडायची, दुसरं कुणी नाही. गेल्या फेरीत दमलेले पाय आता त्याला जाणवतही नव्हते. आपण तिला 'धाव की' का म्हणालो, एवढं एकच वाक्य त्याच्या डोक्यात त्याच्याबरोबर धावत होतं.

तो परत आला तेव्हा भाऊजी मान हलवत उभे होते.

"मेहुणे, मन घट्ट करा. सगळे धागे जुळले. कुत्री बिनबोभाट गेली. बायका आपण होऊन गेल्या. या सगळ्यांचा विश्वास बसेल अशी एकच व्यक्ती आज बेपत्ता आहे. टोळीच्या म्होरक्या सासूबाईच आहेत!"

"भाऊजी!"

मेहुण्याचा आवाज एवढा चढला की दोन कुत्री बसली. "ती माझी आई आहे. तिचा गुडघा नवा आहे आणि तिकडे बर्फ आहे. तुमचा खेळ पुरे झाला आता!"

 भाऊजी काटा खिशात टाकायला गेले तर खिसा सापडेना. 

"खेळ नाही हो," ते हळू आवाजात म्हणाले. "मला काही सुचेनासं झालं की मी असा बडबडतो. अख्ख्या घरात माझी प्रकरणं सासूबाईच तेवढ्या शेवटपर्यंत ऐकतात. तुमची ताई तर झोपते."

 मेहुण्याने भाऊजींच्या पाठीवर हात ठेवला. "चला," तो म्हणाला. "दोघं मिळून काठाने जाऊ. तुम्ही डावीकडून, मी उजवीकडून."

"एकट्याने नको. धुकं आहे," भाऊजी म्हणाले, आणि ते दोघं उजवीकडूनच निघाले.

दहा-बारा पावलं जातात न जातात तोच मागून ताईची हाक आली. ती सूपच्या तंबूमागून येत होती, हात पुसत.

"अरे, कुठे निघालात? आई सापडली."

"कुठे?" दोघंही ओरडले.

"बायकांच्या स्वच्छतागृहाच्या रांगेत. मला जायचं होतं म्हणून मी रांगेला लागले, तर पुढे आईच!"

सूपचा तंबू होता, त्याच्या बरोबर पाठीमागे ती रांग होती. भाऊजींनी सकाळपासून जिथे सूप प्यायलं, तिथून आवाज दिला असता तर ओ आली असती. अख्ख्या मैदानात ते एकच फिरतं स्वच्छतागृह होतं आणि त्याच्यापुढे जाड जाड स्वेटरांतल्या बायका. एकेकीला तीन-तीन थर उतरवून पुन्हा चढवायचे, तर वेळ लागणारच. आणि रांगेच्या कडेला आई उभी होती. दोन्ही हातांत मिळून सहा पट्टे. काळ्या, पामेरियन, ठिपकेवाली जोडी, एक कुणाचं तरी लंगडं पिल्लू आणि तिच्या पायावर आपला सगळा भार टाकून झोपलेला ढब्बू.

"आत कुत्रं कसं न्यायचं?" आई मुलाला बघून म्हणाली. जणू तोच उशिरा आला होता. "पहिलीने म्हटलं, आजी, जरा धरता का. मग दुसरीने धरायला दिलं. एकीला लहान मूल होतं, तिला पुढे सोडलं. मग दुसरीलाही होतं. माझा नंबर काही लागेना. भोंगा ऐकला मी, पण हे सहाजण सोडून जाऊ कशी?"

"अगं, पण कुणाला तरी सांगायचं ना!" मेहुणा रागावून बोलला.

"सांगितलं की! जावईबापूंना सांगून गेले. म्हटलं, मी जरा जाऊन येते."

सगळ्यांनी भाऊजींकडे पाहिलं. ताईने तर असं पाहिलं की धुकं विरळ व्हावं.

"म्हणाल्या होत्या," भाऊजींनी घसा खाकरला. "पण कुठे, ते विचारणं मला सभ्यपणाचं वाटलं नाही."

एकेक बाई बाहेर आली, एकेक पट्टा घेऊन गेली. केस कापणाऱ्याला त्याची बायको म्हणाली, "शोधलंस का रे मला?" आणि तो म्हणाला, "तर! वेडा झालो होतो," आणि काळ्याच्या आड तोंड लपवलं. शेवटी आईचाही नंबर लागला. बाहेर आली तेव्हा तिने छातीवरचा क्रमांक सरळ केला.

"चला."

"घरी?" ताईने विचारलं.

"घरी काय! तळ्याला वळसा घालायचाय ना?"

मैदान ओसरलं होतं. फलक उतरत होते, खुर्च्या एकात एक बसत होत्या. पण अस्वलाने शेवटची रेषा राखून ठेवली होती. आई चालायला लागली. एका बाजूला मेहुणा, दुसऱ्या बाजूला ताई, पुढे नाइलाजाने ढब्बू आणि सगळ्यांच्या पुढे भाऊजी. ते काठावरचा प्रत्येक निसरडा दगड बुटाने ठोकून बघत होते आणि मोठ्याने सांगत होते, "हा भरीव! इथून या, सासूबाई! हा पोकळ, हा टाळा!" अर्ध्या वाटेवर धुकं उचललं आणि पलीकडचा काठ दिसला. तिथे केस कापणारा, त्याची बायको, उंच गृहस्थ आणि त्या रांगेतल्या सगळ्या बायका आपापल्या कुत्र्यांसह थांबल्या होत्या. कुणीच घरी गेलं नव्हतं.

ते जवळ दिसू लागताच आईने दोन्ही मुलांचे हात झटकले. आणि ती धावली. फार नाही, शेवटच्या वळणापासून रेषेपर्यंत. पण ते चालणं नव्हतं, धावणंच होतं. दोन्ही पाय एकदम जमिनीवरून सुटलेले मेहुण्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. ढब्बूसुद्धा धावला, हे तर कुणी सांगूनही पटलं नसतं.

रेषा ओलांडली आणि आई तिथेच गवतावर फतकल मारून बसली. गाल लालबुंद, श्वास फुललेला. मेहुणा धावत जाऊन तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला.

"आई, गुडघा कसा आहे?"

"कुठला गुडघा?" आई म्हणाली, आणि तिला असं हसू फुटलं की तिला उठताच येईना. उठवायला चौघं लागली. त्यातलं एक अस्वल होतं.