पारूकाकीची भरती

महाळुंगे पडवळला समुद्र नाही. तरी आमच्या आळीत भरती-ओहोटी पाळली जाते, आणि त्याला जबाबदार आमची शेजारीण पारूकाकी. कोकणातल्या खाडीकाठची ही पोर लग्न होऊन घाटावर आली, ती डोक्यात खाडी घेऊनच. पंचांगात तिथी बघायची, बोटांवर हिशेब करायचा आणि फर्मान सोडायचं, "आज एकादशी. सव्वाआठला भरती."

दूध विरजायचं ते भरतीलाच. दही घट्ट लागतं म्हणे. बटाट्याची लागणही भरतीला. मजूर बांधावर बसून राहायचे आणि तिचा नवरा, सोपानकाका, ओरडायचा, "पाय वर घ्या राव, हिची भरती आली!" ओहोटीबरोबर जीव जातो म्हणे, म्हणून कुणी आजारी असलं की ओहोटी सरेपर्यंत काकी उशापासून हलायची नाही. माझ्या आईच्या उशाशीही बसली होती. आई वाचली. भरतीनं की सलाइननं, हा वाद आम्ही घातला नाही.

माहेरी भावाला काकीचा रोज फोन. "खाडी कशी हाय? तिसऱ्या-शिंपल्या घावत्यात का?" पलीकडून एकच उत्तर, "झकास!"

यंदा भाऊबीजेला काकाचा गुडघा धरला होता, म्हणून माझ्या पिकअपमधून मीच तिला माहेरी नेलं. घाट उतरतानाच ती म्हणाली, "आज बीज. दीडला पानी भरंल. धक्क्यावर बसून पाय सोडू."

दीड वाजला. आम्ही पाय सोडून बसलो होतो. खाली भेगाळलेला चिखल आणि वाळून गेलेली तिवरं. पाणी आलंच नाही.

भाऊ मागं उभा होता. "बाय, रस्त्यासाठी खाडीच्या तोंडाशी भराव टाकलाय. भरती आत येत नाय. तिसऱ्या गेल्या, चिंबोऱ्या गेल्या."

"मंग रोज झकास का म्हनत व्हतास?"

"तू इतक्या हौसेनं विचारायचीस. काय सांगू?"

घरी आल्यावर पंचांग खुंटीलाच राहिलं. काकी दूध कधीही विरजू लागली. मला फार वाईट वाटलं. आम्ही हसत होतो आणि ती बाई रोज माहेरी जाऊन येत होती.

एकादशीला सकाळी मी त्यांच्या ओट्यावर बसलो होतो. काका दुखऱ्या गुडघ्यानं दारात उभा, हातात दुधाचं पातेलं, नजर घड्याळावर.

"अगं, सव्वाआठ झालं. इरजण घाल की."

"कुठली भरती आता?" आतून काकी म्हणाली.

"आपली."

काकी बाहेर आली. पदरानं डोळे टिपले आणि चमचाभर विरजण दुधात सोडलं.

काका माझ्याकडं वळून हळूच म्हणाला, "पाय वर घे, राव."

मी खरंच घेतले.