आधी तोंड दाखव

माझ्या मावसभावाच्या लग्नात अक्षता पडून झाल्यावर तात्या वायंगणकर आशीर्वाद द्यायला पुढे झाले. त्यांनी नवरदेवाच्या मुंडावळ्या दोन बोटांनी बाजूला सारल्या, त्याचं कपाळ खिडकीच्या उजेडाकडे वळवलं आणि म्हणाले, "डोक्याला तेल कमी लाव." मग आशीर्वाद दिला. नवरीकडच्यांना वाटलं, हे मुलाकडचे कोणी वैद्य असावेत. आम्ही ती समजूत मोडली नाही. रंगाच्या कंपनीत कारकून आहेत असं सांगण्यापेक्षा ते बरं दिसत होतं.

मुलुंडला आमच्या चाळीत तात्या शेजारच्या खोलीत एकटेच राहत. स्वराज्य येऊन काही वर्षं झाली होती. लोक पंचवार्षिक योजनेवर बोलत. तात्या मुरमांवर बोलत. त्यांचा स्वतःचा चेहरा मात्र घोटलेल्या फरशीसारखा गुळगुळीत. ज्याला पोरं नसतात तोच पोरं कशी वाढवावीत ते सांगतो, त्यातलाच हा प्रकार, असं आम्ही म्हणायचो.

कोणी नमस्कार केला की तात्यांचं उत्तर ठरलेलं. "आधी तोंड दाखव." मग हनुवटी धरून उजेडाकडे वळवायची आणि निदान सांगायचं. मुरमांच्या त्यांनी जाती पाडल्या होत्या. काळा ठिपका दिसतो तो उघड्या तोंडाचा. "आतलं तेल साचतं आणि वारा लागून काळं पडतं. तो मळ नव्हे. घासून काय जाणार? कातडं जाईल." पांढरा दाणा मिटल्या तोंडाचा. लाल तो चिडलेला. पिवळा तो पिकलेला. आणि वर काहीच न दिसता खाली ठणकतो तो आतल्या गाठीचा. हेच वर्गीकरण ते माणसांनाही लावत. चाळीचा मालक आतल्या गाठीचा आणि माझी आई चिडलेली, असं त्यांचं मत होतं. आईच्या बाबतीत ते त्यांच्यामुळेच खरं ठरे.

मी तेव्हा कॉलेजात होतो आणि माझ्या तोंडावर सगळ्या जाती एकोप्याने नांदत होत्या. साहजिकच तात्यांचं माझ्यावर विशेष प्रेम. दिवसातून दोनदा कोमट पाण्याने तोंड धुवायचं, उशीचा अभ्रा वरचेवर बदलायचा, केसांचं तेल कपाळावर उतरू द्यायचं नाही आणि झोपताना गंधकाचं मलम. मलम ते स्वतः आणून देत. त्याचा वास सकाळच्या आंघोळीलाही दाद देत नसे. वर्गात माझ्या बाकावर बसायला कोणी तयार होईना. महिनाभरात मुरूम होते तिथेच राहिले, मित्र तेवढे गेले.

"धीर धर रे," तात्या म्हणाले. "महिन्याभरात काय होतंय? आणि काही झालं तरी हात लावू नकोस."

हे शेवटचं वाक्य ते इतक्यांदा म्हणत की चाळीतली पोरं त्यांची नक्कल करत. तात्या रागावत नसत. फक्त पोरांची तोंडं तपासून घेत.

त्या वर्षी माझ्या मोठ्या बहिणीला, सुशीताईला, बघायला ठाण्याचे पाहुणे यायचे होते. मुलगा बँकेत, त्यामुळे आईने घरातल्या भांड्यांपासून माझ्यापर्यंत सगळ्यांना घासूनपुसून ठेवलं. आणि ऐन दोन दिवस आधी सुशीताईच्या नाकपुडीशेजारी एक टपोरी पुळी उठली. मुहूर्त पुळ्यांनाच बरोबर कळतो.

आईने केसांतला आकडा काढून दिव्यावर धरला. तात्या दारातूनच म्हणाले, "वहिनी, तिथे नको. नाकाजवळ मुळीच हात लावू नका. कोमट पाण्याचा शेक द्या, बसेल."

"तात्या, मला पोरीचं लग्न जमवायचंय. बसेल तेव्हा बसेल, पाहुणे परवा येतायत," असं म्हणून आईने दार लोटलं आणि पुळी फोडली.

रविवारी सकाळी सुशीताईचा अर्धा गाल सुजून लाल झाला होता. डोळा मिटलेला, अंगात सणसणून ताप. तरीही आईचं चालूच होतं, पावडर लावू, पदर थोडा पुढे घेऊ, संध्याकाळपर्यंत उतरेल. तात्या आत आले. मी भाषणाची वाट बघत होतो. त्यांनी तिची हनुवटी धरली नाही, उजेडाकडे वळवली नाही. नुसतं पाहिलं आणि मला म्हणाले, "टांगा आण."

"अहो, पाहुण्यांना काय सांगू? पुळी आली म्हणून?" आई रडकुंडीला आली.

"शेजारचा तात्या गेला म्हणून सांगा. चाळीत सुतक आहे म्हणावं."

आमच्या डॉक्टरांनी नाडी धरली आणि तसंच ठाण्याच्या इस्पितळात पाठवलं. पुळीचं विष डोळ्यामागे चढत होतं. पेनिसिलिनची इंजेक्शनं सुरू झाली. आई आत बसली, मी आणि तात्या बाहेर बाकावर.

सुशीताई बरी झाली. नाकाशेजारी तिळाएवढा खड्डा राहिला. पुढे लग्नही त्याच मुलाशी झालं आणि मेलेले तात्या पंगतीत जिलब्या वाढताना पाहून व्याह्यांचा घास घशात अडकला, पण तो भाग वेगळा. मला आठवते ती ताप उतरला ती सकाळ. नर्सने येऊन सांगितलं, आत जाऊन बघा. मी उठलो. तात्या उठेनात.

"तूच बघ," ते म्हणाले. "डोळा उघडते का तेवढं येऊन सांग."

मी आत जाऊन आलो. "उघडते. मला ओळखलं तिने."

तात्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, "मला एक बहीण होती. मथू. आम्ही देवगडाकडचे. तिलाही बघायला येणार होते. आयेने अशीच फोडली, नाकाजवळची. डॉक्टर खाडीपलीकडे. होडी आणेस्तोवर संपलं सगळं."

मी परत त्यांच्याशेजारी बाकावर बसलो.

"पाहुणे मागाहून आले होते, समाचाराला. चांगली माणसं. मुलगा मला एका बाजूला घेऊन म्हणाला, मी तिला पाहिलीच नाही, कशी होती दिसायला? मी सांगितलं, नितळ. एक डाग नव्हता." तात्या टोपीची कड चाचपत राहिले. "खोटं सांगितलं रे. होते तिच्या तोंडावर मुरूम. कपाळावर होते, हनुवटीवर होते. असेनात का. काय बिघडत होतं कोणाचं?"