उंबरावरची जोडी

"ताई भरदुपारी बाहेर का आली?"

एका जंगलात गोटू नावाचा पिंगळा हा प्रश्न विचारत फिरत होता. पिंगळा म्हणजे मुठीएवढं घुबड, मुलांनो. आणि जंगल म्हणजे शहराच्या मधोमध कुंपण घातलेलं, सकाळी सहाला उघडणारं. जंगलात बाकं होती. वाघ सिमेंटचा होता.

गोटू आणि त्याची ताई जुन्या उंबराच्या ढोलीत राहत. गोटू एवढासा असताना ढोलीतून गवतात पडला होता. "ताई, ये गं!" म्हणून त्याने जंगल डोक्यावर घेतलं. ताई धावून आली. कावळ्यांना अंगावर घेत संध्याकाळपर्यंत त्याच्याजवळ बसून राहिली. पक्षिमित्र मंडळाची माणसंही धावून आली. त्यांनी त्याचा आवाज टिपून घेतला आणि छान आला म्हणत घरी गेली.

आठ दिवसांपूर्वी एका किड्यावरून भावंडांचं भांडण झालं. "तुझं तोंड बघणार नाही," म्हणून गोटू पलीकडच्या कडुनिंबावर झोपायला गेला. त्या दुपारी ताई ढोलीबाहेर आली आणि कावळ्यांनी तिला टोचून मारलं.

गोटू कावळ्यांच्या मुकादमाकडे गेला.

"दिवसा पिंगळा दिसला की टोचायचं, ही आमची रीत," मुकादम म्हणाला. "बाहेर का आली ते तिलाच विचार."

"विचारलं असतं, तुम्ही जिवंत ठेवली असती तर!"

"जास्त बोलू नकोस. तूसुद्धा दिवसाच फिरतोयस."

मग तो वडावरच्या थोरल्या घुबडाकडे गेला. हे घुबड जंगलात सर्वांत शहाणं मानलं जाई, कारण ते कधी बोलत नसे. खाली चार कॅमेरे त्याच्यावर रोखलेले होते.

"आजोबा, माझी ताई..."

"बाजूला हो रे, तुझी सावली पडतेय," आजोबा चोच न हलवता म्हणाले.

रविवारी मंडळाची पक्षीगणना होती. नियम सोपा होता. पक्षी दिसला तर एक मांडायचा. नुसता आवाज आला तरी एक मांडायचा.

अध्यक्षा इनामदारबाई उंबराखाली थांबल्या. "वर्तक, गेल्या वर्षी इथे जोडी होती. यंदा कमी झाली तर कसं दिसेल ते?"

"बोलावतो की, मॅडम," चिटणीस वर्तक म्हणाले. "मागच्या आठवड्यात पाहुणे आले होते, तेव्हाही अशीच काढली. भरदुपारी! एका मिनिटात बाहेर."

त्यांनी खिशातून सुपारीच्या डबीएवढं यंत्र काढलं, दोऱ्याने फांदीला अडकवलं आणि बटण दाबलं. मंडळ मागे बाकांपाशी जाऊन चहा पिऊ लागलं. दुर्बीण एकट्या वर्तकांच्या डोळ्यांना होती.

"ताई, ये गं! ताई, ये गं!"

कडुनिंबावर बसलेल्या गोटूची मान गर्रकन फिरली. आवाज त्याचाच होता. लहानपणीचा, गवतातला.

भांडून गेलेला भाऊ पुन्हा कुठेतरी पडला, असं वाटून त्या दुपारी ताई निघाली होती.

गोटूने मागचापुढचा विचार केला नाही. त्याने डबीवर झेप घेतली. चोचीत दोरा धरला आणि ओढत सुटला.

"दिसला रे, दिसला!" कावळे आले. पाठीवर एक चोच बसली, मग दुसरी, मग मोजता येईनात. डबी दोनदा निसटता निसटता राहिली. गोटूने दोरा सोडला नाही. त्याने डबी ढोलीत, ताई निजायची त्या कोपऱ्यात ढकलली आणि दारात बसला.

"अगंबाई, एक आत ओरडतोय, एक दारात बसलाय!" इनामदारबाई म्हणाल्या. "जोडी आहे हो! वर्तक, दोन मांडा."

वर्तकांनी दुर्बीण खाली केली. एकदा रिकाम्या फांदीकडे पाहिलं, एकदा बाईंकडे. मग त्यांनी दोन मांडले. मंडळाने टाळ्या वाजवल्या.

आत डबी ओरडतच होती. रक्ताळलेल्या पाठीने गोटू दार अडवून बसला. आता हाक घरातूनच येत होती. ताईला बाहेर जावं लागणार नव्हतं.

तात्पर्य : जंगलातले पक्षी कमी होऊ नयेत असं मनापासून वाटत असेल, तर बॅटरी वेळेवर चार्ज करून ठेवावी.