भंगाळे सर आणि ज्वारीचा दाणा

भंगाळे सरांनी दिलेल्या नोट्स वाचल्याशिवाय परत करणं शक्य नव्हतं. म्हणजे परत करता यायच्या, पण पकडले जायचात. कारण दर चार पानांमागे, खालच्या कोपऱ्यात, खळीचं एक बोट फिरवून सरांनी दोन पानं एकमेकांना चिकटवलेली असत आणि मध्ये ज्वारीचा एक दाणा बसवलेला असे. पान उलटलं की दाणा टपकन खाली. नाही उलटलं तर दाणा जागच्या जागी, आणि तुमच्या नावापुढे लाल पेन्सिलीचा ठिपका.

हे सगळं नव्वदच्या सुमाराचं. जळगावातल्या एका शाळेची मागची खोली आम्हाला दर रविवारी मिळायची. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसणाऱ्या मोठ्या माणसांना आम्ही तिथून पोस्टानं शिकवायचो. एस.टी.चे कंडक्टर, दवाखान्यातले कंपाउंडर, रावेरकडच्या केळीवाल्यांच्या घरातल्या सुना, असे साठ जण. गणित, इंग्रजी आणि बाकी जगाचा कारभार सरांकडे, मराठी माझ्याकडे. पंधरवड्याला एक गठ्ठा जायचा, मागच्या कोऱ्या पानांवर उत्तरं लिहून तो परत यायचा, आम्ही तपासून नवा पाठवायचो. साधी गोष्ट होती. पण सरांच्या हाती साधी गोष्ट फार दिवस साधी राहत नसे.

"बाई, ही नुसती टपालाची ये-जा नाही," ते म्हणायचे. "ही यंत्रणा आहे. तिच्यातून अजून किती काढता येईल ते बघायचं."

आणि ते काढत बसायचे. भिंतीशी साठ खणांची लाकडी मांडणी होती, प्रत्येक खणावर नंबर. वेळेवर आलेल्या गठ्ठ्याला हिरवा दोरा, उशिरा आलेल्याला पिवळा, दोनदा स्मरणपत्र गेलेल्याला लाल. प्रत्येक गठ्ठ्यासोबत एक कार्ड, त्यावर चार चौकटी: समजलं, थोडं समजलं, नाही समजलं, वाचलंच नाही. शेवटच्या चौकटीत खूण करण्याइतका प्रामाणिक विद्यार्थी कोण असणार, असं मी विचारलं. "म्हणून तर दाणा आहे," सर म्हणाले.

दाण्यावर मी पुष्कळ हसले, पण एक गोष्ट कबूल केली पाहिजे. एकदा बीजगणिताच्या धड्यात वीस जणांचे दाणे नेमके एकाच पानावर अडकले. मी म्हटलं, आळशी मेले सगळे. सरांनी मात्र ते पान तीनदा वाचलं आणि म्हणाले, "वीस माणसं एका जागी पडतात म्हणजे खड्डा रस्त्यात आहे. पान मी लिहिलंय." ते पान त्यांनी नव्यानं लिहिलं आणि वीसही जणांना माफीच्या चिठ्ठीसकट पाठवलं. "यंत्रणा बोलते, बाई. ऐकणारा पाहिजे." हे त्यांचं आवडतं वाक्य. दिवसातून तीनदा तरी ते माझ्या कानावर पडायचं.

यंत्रणेची फजितीही व्हायची. मुक्ताईनगरकडच्या एका कंडक्टरच्या हातून दाणा बसमध्ये हरवला. सरांची वस्तू हरवली या काळजीनं त्यानं त्या जागी तुरीची डाळ चिकटवून पाठवली. सरांनी शेरा मारला: 'ज्वारी पेरली, तूर उगवली. पाठ पुन्हा वाचावा.' धुळ्याला देवपुरात राहणाऱ्या कंपाउंडरचा गठ्ठा कुरतडलेला आला. त्यावर त्यानं आपल्या बोलीत लिहिलं होतं, "सर, दाना उंदीर खाई गया. मना काय दोष शे?" आणि एकदा तर खुद्द आमच्या मांडणीत उंदीर शिरला. तपासायचे राहिलेले तीस गठ्ठे त्यानं रात्रीतून पालथे घातले. सकाळी सरांनी बघितलं तर एकाही गठ्ठ्यात दाणा नाही! तो अख्खा रविवार त्यांनी आनंदात काढला. उंदराच्या लेंड्या मला दिसल्या होत्या, पण संध्याकाळपर्यंत सांगायचा जीव झाला नाही.

पत्ते लिहायचं काम माझं. त्यात एकदा एक्केचाळीस नंबर आला: कौसल्या भंगाळे, पिंप्राळा. पुढचा घर नंबर वाचून मी थांबले. त्या घरी मी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जाऊन आले होते.

"सर, हा तर तुमच्या घरचा पत्ता आहे."

"मग? पोस्टमनला तिकडे जायला बंदी आहे का?"

"अहो, पण जाताना हातात घेऊन जा ना गठ्ठा."

सर चष्म्यावरून बघत म्हणाले, "साठ विद्यार्थ्यांना पोस्टानं मिळतो. एकीला का वेगळी वागणूक?"

पुढे पोस्टमनच मला रस्त्यात भेटला तेव्हा हातवारे करून सांगू लागला. "बाई, ह्या गल्लीतून त्या गल्लीत पत्र पाह्यलं. पन ह्याच घरच्या मानसानं धाडलेलं आन ह्याच घरात येनारं पत्र माह्या नोकरीत पयल्यांदा पाह्यलं. अक्का दारात घेते, आन दोन दिवसानं तिच अक्का पेटीत टाकते. आन सर ओट्यावर बसून पाह्यते, बोलत काहीच नही."

तीस वर्षांचा संसार, मूलबाळ नाही, आणि नवरा-बायको पोस्टानं बोलतात. मला आधी हसूच आलं. मग एका रविवारी एक्केचाळीस नंबरच्या गठ्ठ्यात दाणे सापडू लागले आणि माझं हसू थांबलं.

पहिले दोन गठ्ठे तिनं शेवटपर्यंत वाचले होते. उत्तरं ठसठशीत, अक्षर शाळकरी मुलीसारखं गोल. तिसऱ्यात शेवटचा दाणा शाबूत. चौथ्यात दोन शाबूत. पाचवा आला तो जसा गेला तसा, सगळे दाणे जागच्या जागी. सतरा नंबरचा फॉर्म भरायची शेवटची तारीख महिन्यावर आली होती. सर तो गठ्ठा हातात धरून खुर्चीवर बसून राहिले. लाल पेन्सिल त्यांनी उचललीच नाही.

"घरी विचारा ना, सर," मी म्हटलं.

"घरी विचारलं तर ती पाटी खाली ठेवेल."

मग त्यांनी सांगितलं. लग्नाच्या वेळी ती सहावीतून उठलेली. सर नवेनवे मास्तर, उत्साह ओसंडत होता. रोज संध्याकाळी तिला घेऊन बसायचे, सातवीला बसवणार होते. एका संध्याकाळी तिला अपूर्णांक येईना. ती म्हणाली, आज दमले आहे, सुचत नाही. सर म्हणाले, "अभ्यास नको असला की तुला बरोबर निमित्त सुचतं." शेजारचे दोघेजण तिथे बसले होते, ते हसले. तिनं पाटी खाली ठेवली, उठून चुलीपाशी गेली, आणि त्यानंतर तीस वर्षांत सरांसमोर कधी पुस्तक उघडलं नाही.

"भांडली असती तर बरं झालं असतं," सर म्हणाले. "ती भांडली नाही. स्वयंपाक केला, वाढलं, सगळं केलं. फक्त ते एक केलं नाही. यंदा आपल्या वर्गात नाव घालायचा अर्ज पोस्टानं आला, तिच्या अक्षरात. मी काही विचारलं नाही, तिनं काही सांगितलं नाही. आता पुन्हा माझ्याच हातून मोडलं की काय कळत नाही."

दिवसातून तीनदा 'यंत्रणा बोलते' म्हणणारा माणूस पाच गठ्ठे पुढ्यात घेऊन काही ऐकू येत नाही म्हणून बसला होता. मला त्यांची फार दया आली, आणि रागही आला. तीस वर्षांत एक वाक्य परत घेता आलं नाही होय?

पण सर ते सरच. पुढच्या रविवारी त्यांनी कार्डावर पाचवी चौकट वाढवली: 'काय अडतंय ते लिहा.' साठही जणांच्या कार्डावर. फक्त एकीच्या कार्डावर टाकली असती तर तिनं ओळखलं असतं.

कार्डं परत आली. कंडक्टरला साहेब अडवत होता, देवपूरच्या कंपाउंडरला अजूनही उंदीर अडवत होता, एकीनं लिहिलं होतं की म्हैस व्यायली आहे, चीक वाटत मी गावभर फिरते आहे. सगळ्यात खाली एक्केचाळीस नंबरचं कार्ड. सरांनी ते वाचलं आणि माझ्याकडे सरकवलं.

'सर, तिसऱ्या पाठापासून अक्षर फार बारीक आहे. मला दिसत नाही. डोळे दुखतात. घरी सांगितलं नाही. निमित्त करते म्हणतील.'

तिसरा पाठ! मला चांगलं आठवत होतं. गठ्ठ्याचं वजन एका तिकिटात बसावं म्हणून सरांनीच बारीक टाइपात सायक्लोस्टाइलची स्टेन्सिल कापून घेतली होती आणि सोळा पानांचा पाठ बारा पानांत बसवला होता. त्या दिवशी मला त्यांनी पेढे दिले होते. मी जुने गठ्ठे काढून बघितले. तिसऱ्या पाठापासून चाळिशी ओलांडलेल्या आणखी नऊ जणांचे दाणे अडकले होते. लाल ठिपके मात्र त्यांच्या नावांपुढे पडले होते.

सरांनी खोडरबर घेतलं आणि एकेक ठिपका पुसला. पुसून झाल्यावर रुमालानं चष्मा पुसला, मग डोळे पुसले, आणि म्हणाले, "बाई, मला कोरे कागद लागतील." तिसऱ्यापासूनचे सगळे पाठ त्यांनी हातानं, बोटभर अक्षरात, दहाही जणांसाठी लिहून काढले.

घरी त्यांनी वेगळंच नाटक केलं. "माझ्या चष्म्याचा नंबर बदललाय वाटतं. डॉक्टर डोळ्यांत औषध घालतात, परत येताना दिसत नाही, तू बरोबर चल." रिक्षा करून दोघं गेली. तिथे सहज आठवल्यासारखं म्हणाले, "आलीच आहे तर हिचेही बघा." सरांचा नंबर तोच निघाला. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा यंत्रणेवर मात केल्याइतके खूष दिसत होते.

फॉर्मच्या तारखेला चार दिवस राहिले असताना एक्केचाळीस नंबरचा गठ्ठा आला. एकही दाणा नाही. मध्ये सही केलेला सतरा नंबरचा फॉर्म, आणि कार्ड. पाचव्या चौकटीत लिहिलं होतं:

'सर, आता काही अडत नाही. चष्मा आला. मी घरी बोलले नव्हते, तरी त्यांना कळलं. त्यांना माझा एक निरोप द्यावा. पाटी मी उचलली आहे.'

सरांनी कार्ड दोनदा वाचलं. कार्ड खणात ठेवायला मी हात पुढे केला. त्यांनी दिलं नाही, सदऱ्याच्या खिशात ठेवलं.

"बाई," ते म्हणाले, "निरोप पोचल्याचं उत्तर द्यावं लागेल. पोस्टानं देऊ, की..."

"तोंडी द्या, सर."

"जमेल?"

"नाही जमलं तर चहा मागा. तिथून सुरू होईल."

दुपारचे बारासुद्धा वाजले नव्हते. चार वाजल्याशिवाय खुर्ची न सोडणारा माणूस उठला. मांडणीतून एक्केचाळीस नंबरचा नवा गठ्ठा काढला, तिकीट न लावताच काखेत मारला आणि स्कूटर सुरू करून पिंप्राळ्याच्या रस्त्याला लागला. उरलेल्या एकोणसाठ गठ्ठ्यांत सरांनी सकाळीच दाणे बसवले होते, तिकिटं तेवढी त्या दिवशी मी लावली. सरांनी नेलेला गठ्ठा मी आधी चाळून बघितला होता. त्यात त्यांनी एकही दाणा लावला नव्हता.