आवाज न करणारी गाडी

पालेगावच्या जयदेव भोईरला हायब्रिड गाडी घ्यायची होती. ती का घ्यावी, हे त्याने आईला सोडून सगळ्या गावाला पटवलं होतं. पण पैसे जमिनीचे आणि जमीन आईच्या, ठमाबाईंच्या नावावर. "मी बसून बघल्याबिगर काय होनार नाय," असं ठमाबाईंनी सांगितलं आणि विषय तिथेच अडला.

शोरूमची वैष्णवी टेस्ट ड्राइव्हसाठी गाडी दारात घेऊन आली. "सर, तुमचं ड्रायव्हिंग कसं आहे? हायवेवर जास्त असेल तर हिचा फार फायदा नाही. गावात, थांबत थांबत चालवणार असाल तर बेस्ट. तेव्हा ती बॅटरीवर चालते, आवाजच नाही."

ठमाबाई तोवर मागच्या सीटवर बसल्याही होत्या, मांडीवर नातीच्या हळदीच्या पत्रिकांची पिशवी घेऊन. "चल सोनिवलीला, गंगूकडं. गाडी पन बघून होईल न आवतान पन."

सोनिवलीच्या गल्लीत गाडी गुपचूप शिरली. जयदेव खुशीत होता, ठमाबाईंचा चेहरा मात्र पडला. "आपुन आयलो ते लोकांना कलनार कसा? एक कुत्रा पन भुकला नाय." भर गल्लीत कुणी वळून पाहू नये, हा त्यांना अपमान वाटत होता. गाडी गेली हातची, असं जयदेवने मनाशी ठरवून टाकलं.

गाडी नणंदेच्या खिडकीखाली थांबली. आतून गंगूबाई सुनेला सांगत होत्या, "ठमी येईल आज. काजू आत ठेव. बसली का वाटी पुसूनच उठते."

मग ठमाबाई शांतपणे उतरल्या.

"वयनी! तुमचीच वाट बघत व्हते," गंगूबाई दारात आल्या.

"कललं मना. काजू आन," ठमाबाई म्हणाल्या.

परत येऊन बसल्यावर त्यांचा चेहरा उजळला होता. "हीच घे."

"आई, नक्की?"

"आता कोंडाजीकडं चल. गेल्यावर लगेच दार उघडू नको. जरा थांबाचा."

मग काय, बदलापूरपासून अंबरनाथपर्यंत एकेका नातेवाइकाच्या खिडकीखाली गाडी थांबत गेली. इतक्या वर्षांच्या येण्याजाण्यात कळलं नव्हतं ते ठमाबाईंना एका दिवसात कळलं. दोन पत्रिका तर त्यांनी न देताच परत पिशवीत टाकल्या. वैष्णवीने बुकिंगचं बोलणंही काढलं. "सर, असं थांबत थांबत फिरणार असाल तर हायब्रिडच घ्या."

संध्याकाळी गाडी घरी परतली. तशीच अलगद, ओट्याला लागून. स्वयंपाकघराच्या खिडकीतून जयदेवच्या बायकोचा, जिज्ञासाचा आवाज आला. ती माहेरी फोनवर बोलत होती. "अगं, आज घरात कशी शांतता आहे. म्हातारी सकाळपासून..."

जयदेवने हॉर्न दाबला आणि दाबूनच धरला.

"कशाला वाजवतस रं? आयकू दे ना," ठमाबाई खेकसल्या.

"चेक करतोय, आई."

आई घरात जाईपर्यंत त्याने हॉर्नवरचा हात काढला नाही. मग तो हळूच वैष्णवीकडे वळला.

"मॅडम, डिझेलमध्ये काय आहे? लांबूनच ऐकू येईल अशी दाखवा."