महिपतरावांची एकवीस हजार पावलं

"काका, रोज आठ हजार पावलं. महिन्यानं आकडे बघणार. दिसले नाहीत तर इन्सुलिन," असं म्हणून डॉक्टर निदा मुकादम हिनं टेबलाच्या खणातून सुई काढून नुसती दाखवली. तेवढ्यानंच महिपतराव सुर्व्यांना दरदरून घाम फुटला. निदा म्हणजे त्यांच्या जुन्या मित्राची, मुकादमांची मुलगी; लहानपणी तिला त्यांनीच गोळ्या-बिस्किटं खाऊ घातलेली. आता ती फेडत होती. आयुष्यात महिपतराव दोनच गोष्टींना भीत आले होते, सुई आणि बायको. पैकी बायको दर्शना शेजारच्याच खुर्चीत बसली होती.

पावलं मोजणारं घड्याळ मुंबईहून लेकीनं धाडलं होतं. पहिल्या दिवशी त्यात सहाशे बारा पावलं पडली. वास्तविक महिपतराव कॉलनीच्या प्रभात भ्रमण मंडळाचे सचिव. पण सचिवालाच भ्रमणाला वेळ कुठला? रोज सकाळी ते स्कूटरवरून बागेत जात, उंडीच्या झाडाखालच्या बाकावर बसत आणि बाकीचे नीट चालतात की नाही ते बघत. बाग सार्वजनिक, पण देखभाल मंडळाकडे आणि किल्ली महिपतरावांकडे. फाटकावरचा फलकही त्यांनीच रंगवलेला: 'बाग सकाळी सहा ते नऊ. नंतर बंद. मासळीच्या टोपल्या आत आणू नयेत.'

तिसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला मासेवाली हौसा पडवीत टोपली उतरवून घाम पुसत उभी राहिली. मिरकरवाड्याच्या बंदरापासून ती दारोदार चालत यायची. तिच्या पायांकडे बघता बघता महिपतरावांच्या डोक्यात प्रकाश पडला.

"हौसा, हे घड्याळ दिवसभर घालशील? संध्याकाळी जाताना परत दे. पावलं मोजतं."

"माजी पावलं मोजून कुनाला काय करायचंय?"

"मला करायचंय. यापुढं बांगड्यांच्या भावात घासाघीस करणार नाही."

हौसानं मनगट पुढं केलं. संध्याकाळी घड्याळ परत आलं, एकवीस हजार चारशे. महिपतरावांना स्वतःविषयी नितांत आदर वाटला.

मात्र एवढं चालणारा माणूस दिवसभर झोपाळ्यावर दिसून भागणार नव्हतं. मग ते नाश्ता झाला की बूट चढवून निघत, वाटेत हौसाला घड्याळ देत, बागेत शिरून आतून कुलूप घालत आणि बाकावर आडवे होत. आकडे बघून दर्शना विरघळली. गुळाचा डबा कुलपात ठेवणारी ती बाई आता "एवढं चालून अंगात काय राहणार?" म्हणत दुपारसाठी घावन आणि गुळाचं गोड घाटलं बांधून देऊ लागली. महिपतरावांचे दिवस फार सुखाचे चालले होते.

महिन्यानं निदानं आकडे पाहिले. घड्याळ हातात घेऊन उलटसुलट केलं, तेव्हा तिचं नाक जरासं आक्रसलं.

"पावलं झकास. पण उन्हात छातीचे ठोके एकशे तीसवर जातायत, आणि मध्ये बसणं म्हणून नाही. काका, असं चालाल तर एखाद दिवस पडाल. रोज बारा ते तीन बागेत सावलीला बसायचं. घड्याळात बसलेलं दिसलं पाहिजे, नाहीतर ॲडमिट."

"बाग तेव्हा बंद असते," महिपतराव पडेल आवाजात म्हणाले.

"किल्ली तुमच्याकडंच ना?" दर्शनानं विचारलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हौसाला बागेत बसायचं आमंत्रण दिलं. ती बघतच राहिली.

"मी? परवा फाटकाच्या सावलीला टेकलेली तर तुमीच आतून हाकललात ना मना?"

महिपतरावांना ते आठवलं. तिच्या मनगटावर आपलं घड्याळ होतं हेही आठवलं, आणि त्यांना मनापासून लाज वाटली.

"तुमाला डॉक्टर चाल म्हनते," हौसा म्हणाली. "मना बस म्हननारं पैलंच कोन भेटलं. पन एकटी नाय येनार. माज्यासंगं पाचजनी हायत."

सहाजणी आल्या, सहा टोपल्या आल्या आणि टोपल्यांमागून गल्लीतली मांजरं आली. मंडळाची तातडीची सभा भरली. सचिवांनीच नियम मोडला म्हणून सभासद खवळले. तेव्हा महिपतराव उठले आणि अर्धा तास बोलले. "ज्याच्या घरी एसी आहे त्यानं दुपारच्या सावलीला कुलूप कशाला घालावं? आपण स्कूटरनं चालायला येतो, आणि चालून दमलेलं माणूस फाटकाबाहेर उभं." सुईच्या भीतीनं माणूस किती न्यायी होतो! सभासदांनी नियम रद्द केला. फलकावर महिपतरावांनी स्वतःच्या हातानं चुना फासला. बागेत बाक दोनच, ते दोन्ही दुपारी भरू लागले. महिपतराव पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर बसून घावन-घाटलं खाऊ लागले.

तीन महिन्यांनी रक्ताचा रिपोर्ट आला.

"ठोके उत्तम, विश्रांती उत्तम. घड्याळाची तब्येत अगदी सुधारलीय," निदा म्हणाली. "तुमची साखर मात्र दीडपट झालीय." आणि तिनं खण उघडला.

दर्शनानं नवऱ्याकडं बघितलं. मग पिशवीतून घाटल्याचा डबा काढून गुपचूप निदाच्या टेबलावर ठेवला.

"तुला कळलं कधी?" महिपतरावांनी निदाला विचारलं.

"पहिल्याच महिन्यात. पट्ट्याला बांगड्याचा वास येत होता."

"मग ते बारा ते तीन बसायचं?"

"ते औषध घड्याळ घालणारीला लिहिलं होतं, काका. तिला लागू पडलं. आता तुमचं बघू."

दुसऱ्या दिवशी पोटाला सुई टोचून घेऊन, घड्याळ स्वतःच्या मनगटावर बांधून महिपतराव दुपारी बागेत गेले. फाटक उघडंच होतं. उंडीच्या सावलीत दोन्ही बाकांवर सहाजणी पाय पसरून टेकल्या होत्या. टाकीच्या कठड्यावर मांजरं झोपली होती.

"हौसा, जरा सरक."

"जागा नाय भाऊ," हौसा डोळे न उघडता म्हणाली. "तुमी चाला."

महिपतरावांनी चारी बाजूंना पाहिलं. बसायला खरोखरच कुठं जागा नव्हती, म्हणून ते चालू लागले.