बंद खोलीतला उंट

"खोटारडा. अख्ख्या घरात तू एक खोटारडा निघालास."

काकू स्वयंपाकघराच्या दारातच थबकल्या. काका हे ओठांतल्या ओठांत पुटपुटले होते, पण जेवणाचं टेबल आणि ओटा जिथे एकमेकांना जवळपास टेकलेले असतात, त्या घरात पुटपुटणंसुद्धा सार्वजनिकच असतं. शब्द पुरुषी होता, तरी क्षणभर काकूंना वाटलं, हे आपल्यालाच चाललंय. मग काकांच्या चिमटीतला अंगठ्याएवढा निळा, जाळीदार सेन्सर त्यांना दिसला. त्याच्या शेपटीला तीन वायरी लोंबत होत्या.

"काय खोटं बोलला तो?" काकूंनी विचारलं.

"म्हणतो, छोटीच्या खोलीतला दमटपणा दिवसातून दोनदा वाढतो. एकदा सकाळी, एकदा दुपारी. बंद खोलीत. बाहेरून कडी असताना."

"स्वस्तातला असेल," काकू म्हणाल्या, आणि इतक्या चटकन म्हणाल्या, की त्यांची त्यांनाच लाज वाटली.

काकांची उभी हयात वजनकाटे तपासण्यात गेली होती. सोनारापासून लोखंडवाल्यापर्यंत ज्याचा काटा बरोबर, त्यावर ते सरकारी ठसा मारत. ज्याचा चुकला, त्याची ते गय करत नसत. इमारतीत त्यांना सगळे काटेवाले काकाच म्हणत. निवृत्तीनंतर वजनं संपली, पण मोजण्याची खोड काही गेली नाही. मग त्यांनी हवा मोजायला घेतली. छोटे छोटे बोर्ड, वायरी, सोल्डरिंगचा वास. आधी स्वयंपाकघराचं तापमान, मग न्हाणीघराची वाफ. तोवर काकूंना ते बरंच होतं. माणूस घरात असून घराच्या मधेमधे येत नव्हता.

पण गेल्या महिन्यात छोटीचा फोन आला. छोटी म्हणजे त्यांची लेक. तिशी ओलांडून गेली तरी घरात छोटीच. नोकरीसाठी ती लांब गेली, त्याला बरीच वर्षं झाली होती. जाताना खांद्यावर बॅग अडकवून ती हसत म्हणाली होती, "मी येईपर्यंत माझ्या खोलीला कुणी हात लावायचा नाही हं." ती गंमतीत म्हणाली, या दोघांनी कायदा करून टाकला. खोलीला बाहेरून कडी लागली. तर फोनवर छोटीने सांगितलं, की तिने तिकडे घर घेतलं. स्वतःचं. काकांनी तिथल्या नळाला पाणी जोरात येतं का ते विचारलं. काकूंनी पडद्यांचा रंग विचारला. फोन ठेवल्यावर दोघांनी हवेचा विषय काढला, आणि दुसऱ्या दिवशी काकांनी छोटीच्या खोलीत सेन्सर बसवला. "पुस्तकं आहेत तिची. व्हायोलिन आहे. दमट हवेनं लाकूड फुगतं," ते म्हणाले. काकूंनी मान डोलावली.

त्या सेन्सरची रेघ आता फ्रिजवर टेकवलेल्या जुन्या मोबाइलवर दिवसभर उमटत असे. बंद खोलीची रेघ झोपलेल्या माणसासारखी आडवी हवी. ही मात्र दोनदा फुगायची. दोन कुबडांचा उंटच जणू फ्रिजवरून निघाला होता.

आणि त्या उंटाचं दुसरं कुबड कुणाचं, हे काकूंना पक्कं ठाऊक होतं.

काकू सकाळी डोळ्यांच्या दवाखान्यात पेशंटची नावं नोंदवायला बसत. दुपारी घरी येऊन डोक्यावरून अंघोळ करत. जेवणं झाली, की काका बैठकीतल्या आरामखुर्चीत घोरायला लागत. मग काकू चहाचा कप घेऊन, ओले केस पाठीवर सोडून, हलकेच ती कडी काढत आणि आत जाऊन दार लोटून घेत.

आत दुपार निराळीच असायची. खिडकीबाहेरच्या झाडामुळे तिथला उजेड हिरवा होऊन यायचा आणि भिंतीवर हलत राहायचा. त्या भिंतीवर छोटीने शाळेत असताना देवमासा रंगवला होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक डोळा जरा तिरळा. उजेड हलला की मासा पोहायचा. काकू पलंगावर आडव्या व्हायच्या, ओले केस उशीवर पसरायच्या आणि पाण्याखाली गेल्यासारख्या पडून राहायच्या. डोक्यात काही यायचं नाही. कधी डोळा लागायचा, कधी नाही. कुठला भाग झोपेतला आणि कुठला जागेपणीचा, ते त्या ठरवत बसायच्या नाहीत. उठताना टेबलावरच्या चित्रात एक तुकडा बसवायच्या. छोटीने अर्धवट टाकलेलं, शेकडो तुकडे जुळवायचं चित्र होतं ते. नुसतं आकाश. रोज एकच तुकडा, असा त्यांचा नेम होता. गंमत अशी, की आकाश त्यांच्या नेमाच्या पुढे पळत होतं. काल इथे भोक होतं, आज भरलेलं. आपण झोपेत तुकडे लावतो, अशी काकूंची समजूत झाली होती, आणि खरं सांगायचं तर त्यांना ती आवडलीही होती.

उंटाचं पहिलं कुबड? ते सकाळच्या उन्हाचं असणार, असं काकूंनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

निळा सेन्सर बाद झाला. त्याच्या जागी पांढरा आला, जरा मोठा, दशांशात बोलणारा. उंट तसाच राहिला. फक्त आता दशांशासकट.

काकांनी मग त्याची रीतसर परीक्षा घेतली. घट्ट झाकणाचा डबा, त्यात चमचाभर मीठ आणि ते ओलसर होईल इतकंच पाणी, वर सेन्सर टांगलेला. "अशा डब्यातला दमटपणा पंच्याहत्तर टक्क्यांवरच स्थिरावतो. जगात कुठेही," ते म्हणाले. रात्रभर डबा तसाच ठेवला. सकाळी आकडा पंच्याहत्तर.

"पास झाला म्हणायचा," काकूंचा आवाज पडला.

काकांनी बराच वेळ डब्याकडे पाहिलं. "नाही. काही पटत नाही मला. नापास."

नोकरीच्या सगळ्या वर्षांत या माणसाने चांगला काटा कधी नापास केला नव्हता. हे काकूंच्या मनात येऊन गेलं. पण सुटका झाल्यावर सुटकेचं कारण कोण विचारतं? त्यांनी डबा धुऊन पालथा घातला.

सुट्या भागांच्या दुकानात त्या आपणहून काकांबरोबर गेल्या. दुकानवाल्या बाईंचा चष्मा कपाळावर होता आणि त्या तो टेबलावर शोधत होत्या.

"निळा नेलात, पांढरा नेलात. आता काय बिघडलं?"

"चुकीचं दाखवतो," काका म्हणाले.

"अगदीच चुकीचं," काकू म्हणाल्या.

"बोर्डाला चिकटवून लावला होता का? बोर्ड तापतो, मग तोही तापतो."

"लांब वायरीवर टांगलाय."

"मिठाच्या डब्यात घातला होता?"

काका खोकले. "घातला होता."

"मग?"

"पंच्याहत्तर आला."

बाईंना चष्मा सापडला. तो डोळ्यांवर घेऊन त्यांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "हा न्या. इवलासा आहे, पण पक्का. अर्धा टक्का इकडचा तिकडे झाला तरी सांगेल. आणि हवं तेच सांगणारा पाहिजे असेल, तर समोरच्या दुकानात शोभेची घड्याळं मिळतात."

तिसरा सेन्सर जांभळ्या पट्टीवर बसवलेला, तांदळाच्या दाण्याएवढा. त्याने तर कहर केला. उंटाच्या कुबडावरची लवसुद्धा दिसायला लागली. दार उघडलं तिथे रेघेला टोक, चहाचा कप ठेवला तिथे उंचवटा, कूस बदलली तिथे लाट. रेघ वाचता येत असती, तर काकूंचं नावच सापडलं असतं. त्यांनी चहा उंबऱ्याबाहेर उभ्याने, गार होईपर्यंत पिऊन पाहिला. केस टॉवेलात करकचून बांधले. आत सावकाश, काटकसरीने श्वास घेतला. त्यात चक्कर आली, तेव्हा सोडून दिलं. शेवटी एके दिवशी त्या खोलीत गेल्याच नाहीत. सगळी दुपार ओट्याशी उभं राहून आधीच स्वच्छ असलेले डबे पुसत राहिल्या. दिवस मेला संपता संपेना.

दुसऱ्या दिवशी काका फ्रिजसमोर उभे राहिले. "अगं, काल दुपारचं कुबडच नाही. काल काय वेगळं झालं?"

काकूंच्या तोंडून जे पहिलं आलं ते निघून गेलं. "वरच्या ताईंनी काल दुपारी अंघोळ केली नसेल."

"म्हणजे?"

"म्हणजे ओल. त्यांचं न्हाणीघर छोटीच्या खोलीवरच येतं ना."

काकांचा चेहरा असा उजळला, की काकूंना वाटलं, आपण फार मोठी सोय केली यांची. "ओल," ते म्हणाले. "अगदी बरोबर. सकाळीही ओल, दुपारीही ओल. सगळी ओलच." आणि चपला अडकवून जिना चढले.

वरच्या ताई दातांच्या डॉक्टर. कुणाला तोंड उघडायला सांगावं ते त्यांनीच. काकांनी दारातच सरकारी आवाजात विचारलं, "काल दुपारी आपण अंघोळ केली होती का?"

पुढचं संभाषण खालपर्यंत ऐकू आलं. पाठोपाठ ताईही आल्या, आणि त्यांच्यामागे त्यांचा प्लंबर.

"काकू, हे बघा. मी सकाळी एकदाच अंघोळ करते, आणि ती कधी करते हे काकांना कळवायला बांधील नाही. माझे पाइप कोरडे ठणठणीत आहेत. हा सांगेल आता भिंत ठोकून."

"अहो ताई, बसा तरी. सरबत करते."

"नको. आधी भिंत."

कडी निघाली. इतक्या वर्षांत प्रथमच छोटीच्या खोलीत चार माणसं उभी राहिली. प्लंबरने भिंतीला कान लावला, वर खाली, डोळे मिटून, एखाद्या कीर्तनात रमल्यासारखा. मग खिशातून खडू काढून त्याने देवमाशाच्या पोटावर ठसठशीत फुली मारली.

"इथे आहे."

"कोरडी दिसतेय की," काकू म्हणाल्या.

"आतून असते, काकू. वरून कळत नाही. एवढा भाग फोडला, की सगळं बाहेर येईल." त्याने पिशवीतून छिन्नी आणि हातोडी काढली. "हा मासा जाईल अर्धा. नंतर पांढरा रंग मारून घ्या, खोली उजळ दिसेल."

देवमासा तिरळ्या डोळ्याने काकूंकडे बघत होता. एक शब्द बोललं की भिंत वाचते. तो बोलला की दुपार जाते. काकूंनी काकांकडे पाहिलं. काका फुलीकडे बघत होते, आणि त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

हातोडी वर गेली.

"थांबा," काकू म्हणाल्या.

"थांबा," काका म्हणाले.

दोघांचं एकदमच निघालं. प्लंबरचा हात वरच राहिला.

"ओल नाहीये," काकू म्हणाल्या. "दुपारची मी आहे. ओले केस घेऊन येते आणि इथे पडते. रोज."

वरच्या ताईंचं तोंड उघडं राहिलं, त्यांच्या पेशंटसारखं.

काकांनी घसा साफ केला. "सकाळचा मी."

"तुम्ही?"

"तू दवाखान्यात गेलीस की येतो. कॉफी घेऊन. मोठा मग असतो, वाफ निघते त्याची." ते टेबलाकडे बघत होते. "दोन तुकडे लावतो आणि जातो. मला वाटायचं, मीच जास्त लावतो आणि विसरतो. म्हटलं, वय झालं."

"मला वाटायचं, मी झोपेत लावते," काकू म्हणाल्या.

काकूंना हसू यायला लागलं आणि ते मधेच कुठेतरी अडकलं. त्यांनी तळहाताने माशाच्या पोटावरचा खडू पुसायला घेतला. काका खिशातून रुमाल काढून दुसऱ्या बाजूने पुसायला लागले. फुली जाऊन तिथे धुरकट ढग झाला.

"मग मी काय फोडू?" प्लंबरने विचारलं.

"काही नाही. तू चल," ताई म्हणाल्या, आणि दाराशी जाऊन थांबल्या. "काका, मला एक सांगा. तुम्हा दोघांना माहीत होतं सेन्सर बरोबर आहे, तर माझी अंघोळ का काढलीत?"

काका रुमालाची घडी घालू लागले. ताई प्लंबरला घेऊन गेल्या. आजच्या हजेरीचे पैसे कोण देणार, असं तो जिन्यात विचारत होता.

खोलीत हिरवा उजेड हलत राहिला. फ्रिजवर त्या घटकेला रेघ चांगलीच चढली असणार. चार माणसांचा श्वास होता तो. काकू पलंगाच्या कडेवर बसल्या. काकांनी वायरीवर टांगलेला इवलासा सेन्सर हातात घेतला आणि पूर्वी खरा निघालेला काटा दुकानदाराला परत देताना धरत, तसा तळहातावर धरला.

"बरोबर आहे हा," ते म्हणाले. "आधीचे दोघंही बरोबर होते. मीच उगाच नापास केले."

"मीपण हो म्हटलं."

"खोली कोरडी राहावी म्हणून लावला. सगळं जसंच्या तसं राहावं म्हणून. तिने येऊन पाहिलं तर..."

ते थांबले. काकूंनी बाजूची जागा हाताने झटकली. काका बसले. छोटीच्या मापाचा पलंग दोघांच्या वजनाने कुरकुरला. खूप वेळ दोघं भिंतीवरच्या माशाला पोहताना बघत बसले. आपण आत्ता जाग्या आहोत की नेहमीसारख्या अर्धवट झोपेत, हे काकूंना नक्की सांगता आलं नसतं.

मग काका बोलले, आकडा वाचून दाखवावा तशा आवाजात, न वाढवता, न घटवता.

"छोटी आता इथे राहायला यायची नाही गं."